अकरा वाजून चार मिनिटांनी

त्या पंधरवड्यात आमच्या घरची वीज तेरा वेळा गेली. त्यातल्या दोन वेळा ती सगळ्या कॉलनीची गेली होती. उरलेल्या अकरा वेळा फक्त आमची. तेरा वेळा गेली हे मला कोणी सांगितलं नाही. मीच बसवलेल्या सॉफ्टवेअरने ते तारीख-वेळेसकट लिहून ठेवलं होतं, आणि ती यादी मी स्वतःच्या हाताने कंपनीला पाठवली होती.

कंपनी पुण्याची. विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासायचं काम. डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, डॉक्टरांच्या सह्या, सगळं पडद्यावर येतं, ते जुळतंय का बघायचं आणि शेरा मारायचा. तृप्ती माझी कॉलेजातली मैत्रीण, पवननगरला आमच्या मागच्या दुसऱ्या गल्लीत राहते, ती आधीपासून तिथे होती. तिने माझं नाव सुचवलं. मी बीसीएस केलंय, लग्नाआधी दीड वर्ष एका क्लासमध्ये शिकवत होते. मग ईश्वरी झाली आणि चार वर्षं मी फक्त तिच्याकडे बघत बसले. खरंच बघत. झोपली की श्वास चालू आहे ना, खेळायला गेली की गेटची कडी लागली आहे ना, द्राक्ष दिलं की उभं चिरलंय ना. अशा बाईला घरात बसून काम मिळालं म्हणजे काय मिळालं, हे मलाच माहीत.

सप्टेंबरपासून तीन महिने परीक्षा होती. नोव्हेंबर संपला की कायम करणार, किंवा नाही म्हणणार. नियम एकच कडक. काम चालू असताना कनेक्शन तुटलं की उघडलेला दावा तिथेच अडकतो, तो दुसऱ्याकडे जातो, आणि आपल्या नावावर एक ‘ड्रॉप’ लागतो. महिन्याला दहापेक्षा जास्त ड्रॉप झाले तर कारण द्यायचं. कारण पटलं नाही तर परीक्षा तिथेच संपली.

योगेश म्हणाला, कर की, घरबसल्या आहे तर. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते, इथे लिहिताना नाही म्हणणार. तो अंबडला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात दुपारी दोनपर्यंत घरीच असतो. माझ्या नोकरीबद्दल तो नातेवाइकांना सांगायचा तेव्हा ‘घरबसल्या’ हा शब्द आधी यायचा आणि नोकरी हा शब्द बऱ्याचदा यायचाच नाही.

आतल्या खोलीत माझं टेबल. नऊ ते एक आणि दोन ते सहा दार बंद. पडद्यावरचा कॅमेरा कधीही चालू होऊन खुर्चीत कोण आहे ते बघतो, त्यामुळे उठायची सोय नाही. ईश्वरीला सासूबाई बघायच्या. लंकाबाई त्यांचं नाव, माहेर लासलगावच्या पलीकडचं. त्या आमच्याकडे आल्या त्याच ईश्वरीसाठी, हे मी मान्य करते. पण शेजारच्या पुतळाबाईंना ओट्यावर बसून सांगायच्या, “आमच्या सूनबाई हापिसात जात्या. दोन पावलावर हापिस हाय. डबा न्यावा लागत नाय.” पुतळाबाई हसायच्या. मी दाराच्या आत हेडफोन लावून बसलेली असायचे, पण एक कान मी नेहमी उघडा ठेवायचे. ईश्वरीसाठी ठेवलेला तो कान हे सगळं ऐकायचा.

सप्टेंबर, ऑक्टोबर नीट गेले. चार ड्रॉप, तीन ड्रॉप. नोव्हेंबरात थंडी पडली आणि रोज सकाळी अकराच्या सुमाराला लाईट जायला लागली. पंखा थांबायचा, यूपीएस टीं-टीं करत बोंबलायचा, आणि काही मिनिटांत पडदा काळा. पहिल्याच आठवड्यात सात ड्रॉप. आमचे टीमप्रमुख समर्थ सर, वयाने माझ्याएवढेच, फोनवर नेहमी अतिशय सभ्य, ते म्हणाले की वीज जाते असं सगळेच सांगतात मॅडम, तुम्ही पुरावा ठेवा. यूपीएसला जोडून लॉग ठेवणारं सॉफ्टवेअर असतं. तृप्ती मॅडमनी उन्हाळ्यातच बसवलंय.

तो यूपीएस योगेशच्या कंपनीतून भंगारात निघालेला. घरात त्याला सगळे ‘डबा’ म्हणायचे. मागच्या बाजूला प्रिंटरला असतं तसं चौकोनी तोंडाचं भोक होतं, पण वायर नव्हती. तृप्तीने तिच्या प्रिंटरची काढून दिली. रविवारी दुपारी ईश्वरी झोपल्यावर मी बसले.

माझा कॉम्प्युटर कॉलेजच्या दिवसांतला. विंडोज त्याला झेपेना म्हणून मी त्यावर लिनक्स टाकलं होतं. तिसऱ्या वर्षाला शिकलेलं सगळं विसरले असेन असं वाटत होतं, पण हातांना आठवत होतं. सॉफ्टवेअर फुकट मिळालं, पाच मिनिटांत उतरलं. मग खरी मारामारी. कॉम्प्युटरला डबा दिसत होता, पण त्याच्याशी बोलता येत नव्हतं. कुठल्या डब्याला कुठला ड्रायव्हर लागतो याची लांबलचक यादी होती, तीत आमच्या डब्याचं नावच नाही. एकेक करून घालून पाहिले. चौथा चालला, पण फक्त मी पासवर्ड देऊन चालवला तर. आपोआप सुरू व्हायचं म्हटलं की परवानगी नाही म्हणून अडून बसायचा. मग एका फाईलमध्ये त्या डब्याचा नंबर लिहिला, वायर काढून परत खोचली, आणि पडद्यावर दोन अक्षरं आली. ओ-एल. म्हणजे बाहेरची वीज चालू. खाली बॅटरी, शंभर टक्के.

मला इतका आनंद झाला की मी बाहेर जाऊन योगेशला हाताला धरून आणलं. त्याने बघितलं, म्हणाला, “एवढं करून हे फक्त लिहून ठेवणार, लाईट गेली म्हणून? ते तर आपल्याला पण कळतंच ना.”

मी म्हटलं, कळतं, पण पटत नाही लोकांना.

मग मी भिंतीतला प्लग काढून परीक्षा घेतली. डबा ओरडला. ओ-एलचं ओ-बी झालं, म्हणजे बॅटरीवर. शंभरवरून एकाहत्तर, एकाहत्तरवरून अडतीस. चार मिनिटांत बॅटरी संपत आली आणि सांगितल्याप्रमाणे कॉम्प्युटर स्वतःच सगळं नीट मिटवून बंद झाला. सॉफ्टवेअर चोख होतं, बॅटरी मेलेली होती. नवीन घातली तर अर्धा तास सहज निघाला असता. योगेश म्हणाला की अंबडला त्याच्या ओळखीचा एक जण बॅटऱ्या ठेवतो, आणतो. मी म्हटलं, मीच जाते मेनरोडला. तर म्हणाला, कशाला, आणतो म्हटलं ना.

शेवटी मी एक गोष्ट केली, ती कोणी मागितली नव्हती. वीज गेली की लगेच, नेटचा राउटरही डब्यावरच असल्याने, फोनवर टेलिग्रामचा मेसेज जाईल अशी चार ओळींची सोय केली. माझ्या फोनवर आणि योगेशच्याही. शब्द मीच लिहिले: ‘घरची लाईट गेली. निकिताचं काम थांबलं.’ वाटलं, कामावर असला तरी त्याला कळावं. कोणाला तरी त्याच वेळेला कळावं, बस.

पुढचे दोन आठवडे सॉफ्टवेअरने इमाने लिहिलं. सोमवारी अकरा वाजून चार मिनिटांनी बॅटरीवर. अकरा वाजून आठ मिनिटांनी बॅटरी संपत आली, बंद होत आहे. मंगळवारी अकरा सहा. बुधवारी अकरा चार. कॉम्प्युटर परत उठायचा तेव्हा साडेअकराला पाच-सात मिनिटं कमी असायची. त्या चार मिनिटांत मी हातातला दावा संपवायला बघायचे. कधी संपायचा, बहुतेकदा नाही. मोबाईलचं नेट जोडून काय करणार, कॉम्प्युटरच बंद.

एक वाजता जेवायला बाहेर आले की म्हणायचे, आज परत गेली. सासूबाई पोळी वाढत म्हणायच्या, “आली ना परत.” योगेश पहिला आठवडा दुसऱ्या पाळीला होता, समोरच बसलेला असायचा. तो म्हणायचा, सिडकोत हे असंच, वायरी जुन्या आहेत, कुठेतरी फॉल्ट असणार. एका दुपारी तर मला रडू आलं. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि लाईटवाल्यांना एक शिवी दिली. बॅटरीचं काय झालं विचारलं, तर ओळखीचा माणूस गावाला गेलाय म्हणाला.

दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी मी लॉग पाठवला. सोबत नम्रपणे लिहिलं की सर, सगळे ड्रॉप विजेमुळेच आहेत, कृपया नोंद घ्यावी. त्या रात्री मी महिनाभरात पहिल्यांदा निवांत झोपले.

सोमवारी साडेनऊला समर्थ सरांचा फोन आला. आवाज तसाच सभ्य. म्हणाले, तृप्ती मॅडम तुमच्याच लाईनवर आहेत ना, त्यांचाही लॉग आमच्याकडे येतो. त्यांच्याकडे या दोन आठवड्यांत वीज दोनदा गेली. तुमच्याकडे तेरा वेळा. रोज एकाच वेळी. रविवारी नाही. मग म्हणाले, “मॅडम, प्लग काढला तरी लॉगमध्ये असंच दिसतं. मी आरोप करत नाही. पण संध्याकाळी सहापर्यंत मला लेखी खुलासा हवाय.”

फोन ठेवल्यावर मी तृप्तीला मेसेज केला. तिने उलट विचारलं, अकराला? अगं, मी रोज अकराला चहा घेते, मायक्रोवेव्हमध्ये गरम करून. कधीच जात नाही.

मी लॉग पुन्हा उघडला आणि आता तो कंपनीच्या नजरेने वाचला. बारा दिवस कामाचे, तृप्तीकडेही गेलेल्या दोन वेळा सोडल्या तर अकरा वेळा वीज गेलेली. राहिलेला एक दिवस गुरुवार, ईश्वरीला ताप होता तो. त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची सुटी टाकून दहापासून हॉलमध्येच तिला मांडीवर घेऊन बसले होते. म्हणजे मी बाहेर असले की वीज जात नाही. रविवारी मी बाहेर असते, जात नाही. दार लावून आत बसले की जाते.

इतकं स्वच्छ होतं ते. मेन स्विच हॉलमध्ये, पुढच्या दारामागे. योगेश गेला आठवडाभर पहिल्या पाळीला होता, सकाळी साडेसहाला घराबाहेर. मग घरात मोठं माणूस राहिलं एकच. मला ओट्यावरचं सगळं आठवलं. सूनबाई हापिसात जात्या. पोरीला आजी आन आईला पडदा. दिवाळीत राखीताई, माझी नणंद, मनमाडहून आल्या होत्या, त्यांना सासूबाई म्हणाल्या होत्या की हिचं हे किती दिवस चालतंय बघू. ते ‘बघू’ मला त्या सकाळी अकरा वेळा ऐकू आलं.

अकराला पाच कमी असताना मी कॅमेऱ्याची पर्वा न करता खुर्चीतून उठले आणि दार बोटभर उघडून उभी राहिले.

हॉलमध्ये योगेश सोफ्यावर होता, हा आठवडा त्याचा परत दुसऱ्या पाळीचा. मोबाईल बघत होता. ईश्वरी टॉवेल गुंडाळून बाथरूमच्या दाराशी उभी. तिथे त्या वेळी खिडकीतून ऊन येतं, म्हणून थंडीत तिची अंघोळ अकराला असते. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. हातात लाटणं होतं. पुढच्या दारामागे प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं, गुडघ्यावर हात दाबत वर चढल्या, आणि लाटण्याच्या टोकाने मेन खाली पाडली.

पंखा मंदावला. माझ्या पाठीमागे डबा ओरडायला लागला. आणि सोफ्यावर योगेशचा फोन वाजला, टिंग. त्याने पडद्याकडे पाहिलं, अंगठ्याने तो मेसेज बाजूला सारला, आणि परत जे बघत होता ते बघायला लागला.

हे मी पाहिलं. पण माझ्या डोक्यात इतके दिवस जे तयार होतं तेच आधी बाहेर आलं. मी दार ढकलून बाहेर गेले आणि सासूबाईंना म्हणाले, “झालं समाधान? गेली माझी नोकरी. रोज अकराला हेच करत होतात ना? तुम्हाला मी नको होते बसायला तर तोंडाने सांगायचं. हे असं चोरून कशाला?”

त्या स्टुलावरच थांबल्या. एक हात भिंतीला, एका हातात लाटणं. ईश्वरी रडायच्या बेतात. सासूबाई सावकाश खाली उतरल्या आणि आधी तिला जवळ घेतलं.

“चोरून?” त्या म्हणाल्या. “हालात हुबं राहून करते मी, चोरून कशाचं? तूच तर शप्पथ घातली व्हती. ह्या पोरीच्या डोक्यावर हात ठिवून. इसरली का?”

मी विसरले होते.

गेल्या जानेवारीत ईश्वरीने नळाला हात लावला आणि म्हणाली, आई, बोटाला मुंग्या आल्या. गिझर चालू होता. त्याआधी चार दिवस मोबाईलवर मी एक बातमी वाचली होती, गिझरचा शॉक लागून कुठेतरी एक मूल गेल्याची. मी त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. बटण बंद करून चालणार नाही, बटणावर माझा विश्वास नाही, मेनच बंद व्हायला हवी. पाणी तापलं की आधी मेन पाडायची, मग ईश्वरीला बाथरूममध्ये न्यायचं, ती कोरडी होऊन बाहेर येईपर्यंत मेन वर करायची नाही. सासूबाई हो म्हणाल्या, ते मला पुरेना. त्या विसरतील, कंटाळतील, एखाद्या दिवशी जाऊ दे म्हणतील. म्हणून मी त्यांचा हात धरून ईश्वरीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, शपथ घ्या. योगेश तेव्हा हसला होता. सासूबाई हसल्या नव्हत्या. त्यांच्याकडे मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ ज्याने घातली त्याने सोडवायची असते, ‘सुटली’ म्हणून. तोवर ती अंगावरच. मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याला लागते.

फेब्रुवारीत भिकन वायरमनने येऊन अर्थिंग नीट करून दिलं. मी निर्धास्त झाले. रविवारी मी अंघोळ घालते तेव्हा नुसतं गिझरचं बटण बंद करते. मग उन्हाळा आला, गिझर बंद झाला, माझ्या मनातून शपथ पार गेली. ‘सुटली’ मी म्हटलंच नव्हतं. थंडी आल्यावर त्यांनी लाटणं हातात घेतलं.

ताप होता त्या गुरुवारी ईश्वरीला अंघोळ नव्हती. एवढंसुद्धा मला सुचलं नव्हतं.

मी तिथेच स्टुलाला धरून उभी राहिले. म्हटलं, आई, पण माझं काम बंद पडतंय हे तुम्हाला कळत नव्हतं का? मी रोज जेवताना सांगत होते.

“तू लाईट गेली म्हनायची. लाईट तर बाकीच्या टायमालाबी जाती. मला काय ठाव, ह्येच म्हंतीस तू?” मग त्यांनी सोफ्याकडे बघितलं. “आन मी इच्यारलं व्हतं. दिवाळी झाल्यावर, पैल्याच दिशी. योगेशला म्हनलं, मी मेन पाडते तर तिचं काम नाय ना थांबत? तर म्हनला, नाय, तिला डबा हाय.”

डबा आत ओरडतच होता. मग चार मिनिटं झाली असावीत, कारण तो गप्प झाला.

मी योगेशकडे पाहिलं. तो म्हणाला, “मला वाटलं, चालतं त्याच्यावर.”

“मेसेज कसला यायचा मग तुम्हाला?”

“तो काय, येतोच. किती मेसेज येतात दिवसाला.”

“आत्ता आला तो वाचला तुम्ही. मी बघितलं.”

सासूबाई ईश्वरीला घेऊन बाथरूममध्ये गेल्या, कारण पाणी निवत होतं आणि मेन पाडलेलीच होती. आतून तांब्याचा आवाज येत राहिला. त्या आवाजात योगेश हळू बोलला, भांडल्यासारखं नाही, समजावल्यासारखं. म्हणाला, मी काही केलं नाही. करायचं असतं तर मीच नको म्हटलं असतं पहिल्या दिवशी. तू दार लावून बसतेस, घरात असून नसल्यासारखी. आई या वयात पोरीमागे पळते. म्हटलं, आपोआप होतंय तर होऊ दे. तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

“आणि बॅटरी?”

त्याने मोबाईल खिशात घातला.

त्या दिवशी दुपारी मी खुलासा लिहिला. आधी वाटलं, वायरिंगमध्ये बिघाड होता असं लिहावं, भिकनकडून चिठ्ठी आणावी. मग वाटलं, लॉग खरा आहे तर मीही खरंच लिहीन. मुलीच्या सुरक्षिततेसाठी घरातील ज्येष्ठ व्यक्ती मुख्य स्विच बंद करत असत, मला याची कल्पना नव्हती, आजपासून असे होणार नाही, कृपया एक महिना वाढवून द्यावा. तीन ओळींत आमचं सगळं घर मावलं. साडेपाचला समर्थ सरांचा फोन आला. म्हणाले, मॅडम, मला व्यक्तिशः वाईट वाटतं, पण घरातल्याच माणसाने स्विच बंद करणं हे वीजपुरवठा खंडित होण्यात बसत नाही. उलट तुम्ही स्वतःच लिहून दिलंय की ड्रॉप टाळता येण्यासारखे होते. वरून नाही म्हणालेत. तीस तारखेपर्यंत काम करा. मग म्हणाले की तुम्ही सॉफ्टवेअर फार व्यवस्थित बसवलंय, बाकीच्यांना जमत नाही. बसवायची पद्धत लिहून द्याल का, बाकीच्यांना पाठवायला. मी हो म्हटलं. सवयीने.

मंगळवारी सकाळी सासूबाईंनी पिशवी भरली. राखीताईंकडे मनमाडला जाते म्हणाल्या, किती दिवस ते नाही म्हणाल्या. मी माफी मागितली, दोनदा. त्यांनी दोन्ही वेळा ‘असू दे’ म्हटलं, आणि दोन्ही वेळा ते माझ्याकडे न बघता. निघताना मात्र ईश्वरीला माझ्यापुढे उभं केलं.

“आता मी नसनार,” म्हणाल्या. “शप्पथ तेवढी सोडव.”

मी ईश्वरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, सुटली. ईश्वरीला तो खेळ वाटला. ती मान खाली घालून उभी होती, हात उचलल्यावर हसली आणि म्हणाली, परत. सासूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं कानाशी मोडली आणि योगेशच्या गाडीवर बसल्या. तो त्यांना स्टँडवर सोडायला गेला.

तो परत आला तेव्हा साडेबारा झाले होते. मी त्या दिवशी लॉग-इन केलंच नव्हतं, ईश्वरीला बघायला कोणी नव्हतं. आत कॉम्प्युटर चालू होता. अकरा वाजून चार मिनिटं होऊन गेली होती आणि सॉफ्टवेअरने काहीच लिहिलं नव्हतं. तो जेवला. मी वाढलं. तिन्ही पोळ्या खाल्ल्या, भात घेतला. दीड वाजता कपडे घालून बॅग घेतली, बूट घालायला दाराशी बसला.

मी ईश्वरीला बोलावलं. स्टूल अजून दारामागेच होतं, त्याच्या बाजूला तिला उभं केलं.

म्हटलं, “एकच विचारते. आईंनी तुम्हाला विचारलं तेव्हा माझं काम बंद पडतं हे तुम्हाला माहीत नव्हतं, असं म्हणताय ना? मग हिच्या डोक्यावर हात ठेवा आणि म्हणा.”

“हे काय खेडवळासारखं.”

“तुमचा विश्वास नाही ना असल्या गोष्टींवर? तुम्ही तर हसला होता. मग ठेवा की. काय होणार आहे?”

योगेश उभा राहिला. त्याने ईश्वरीकडे पाहिलं, ईश्वरीने त्याच्याकडे. तिला वाटलं, सकाळचाच खेळ आहे, तिने लगेच मान खाली घातली. त्याचा हात वर आला. तिच्या केसांपर्यंत आला आणि थांबला. मग त्याने तिच्या कपाळावरची निसटलेली क्लिप काढली, नीट पुसली, आणि पुन्हा केसांत लावली.

“उशीर होतोय मला,” तो म्हणाला आणि गेटकडे गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

ईश्वरी मान खाली घालून तशीच उभी होती, हात यायचा आहे म्हणून.